झिंगा हा मासा नव्हे

झिंगा हा मासा नव्हे, हे वाक्य मी सातवीच्या वर्गाला तीस-बत्तीस वर्षं शिकवलं. माशाला पाठीचा कणा असतो, झिंग्याला नसतो. माशाला पर असतात, झिंग्याला पाय. पोरं घोकायची, परीक्षेत लिहायची, मी गुण द्यायचे. प्रत्येक वर्षी तो धडा आला की माझं डोकं दुखायला लागायचं, आणि पोरांना वाटायचं बाई आज उगाच चिडल्यात. उगाच नव्हते चिडत. ते वाक्य मी एकदा शाळेबाहेर बोलले होते, आणि ते बोलल्याची शिक्षा मला नाही, दुसऱ्याच एका बाईला झाली.

माझ्या लेकी म्हणतात, "आई, किती वर्षं झाली त्याला, सोड ना आता." का सोडू? ज्यांनी केलं ते सगळे गाद्यांवर आरामात झोपून म्हातारे झाले. त्यांच्यातल्या कुणालाही त्या गोष्टीची आठवणसुद्धा नसेल. मग निदान मी तरी रागवायला नको का? एवढं तरी करू दे की मला.

आमचं गाव खोपोलीच्या खालच्या अंगाला, नदीच्या काठी. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी मोठाल्या नळांतून खाली उतरतं, त्यावर वीज होते, आणि काम झालेलं पाणी नदीत सोडून देतात. त्यामुळे इतर नद्या वैशाखात नुसते दगड दाखवत पडलेल्या असताना आमची मात्र वाहती. पण वाहायची ती वीजघराच्या मर्जीनं. दिवसातून पाणी चढायचं, उतरायचं. बाया धुण्याची बादली घेऊन निघाल्या की पलीकडून कुणीतरी ओरडायचं, "अगं थांब गं, पानी सोडलंय!" मग धुण्याचा दगड उघडा पडेपर्यंत काठावर गप्पा. रविवारी मुंबईच्या गिरण्या बंद, वीज कमी लागायची, म्हणून आमच्या नदीला पाणीही कमी. तिकडची सुट्टी इकडे आमच्या घोट्यांना कळायची.

गावाच्या वरच्या बाजूला एक ओढा या नदीला मिळतो. तिथं डोह होता. काठाला उंबर आणि करंज, आणि त्यांची तांबूस केसाळ मुळं पार पाण्यात उतरलेली. त्या मुळांत झिंगे राहायचे. बाजारात मिळतात ते समुद्राचे बोटभर झिंगे डोळ्यांपुढे आणू नका. आमचे करंगळीच्या एका पेराएवढे, फार तर दोन. अंग काचेचं. पोटात काय गेलंय ते बाहेरून दिसायचं. शेवाळ खाल्लं असेल तर हिरवी रेघ, कुजका पाला खाल्ला असेल तर काळी. पुढच्या इवल्याशा हातांना बारीक केसांचे कुंचले असतात. त्यांनी ते दगडावरचा, पानावरचा साका झाडून तोंडात घालायचे. हा हात, मग तो हात, मग पुन्हा हा. दम म्हणून खायचे नाहीत. मी पालथी पडून तासन्‌तास बघत बसायचे आणि आई म्हणायची, "एवढा उरक तुझ्या हाताला आला तर माझ्या डोक्याचा ताप जाईल!"

हे बघायला मला शिकवलं ते वाडीवरच्या एका कातकरणीनं. नवरा लवकर गेलेला, पदरात एक मुलगी. शेत नव्हतं. जिच्यावर तिची वाडी उभी होती ती जमीनही दुसऱ्याची. जगात तिचं म्हणावं असं काही असेल तर तो डोह, आणि तोही कागदोपत्री कुणाचाच नाही. गावात म्हाताऱ्यापासून शेंबड्या पोरापर्यंत सगळे तिला नावानं, एकेरी हाक मारायचे. मी मावशी म्हणायचे. ती मला बाय म्हणायची.

तिच्याकडे जाळं नव्हतं. करंजाच्या पाल्याच्या जुड्या बांधायची आणि दगड लावून मुळांजवळ बुडवून ठेवायची. दोन दिवसांनी पाल्याला बुळबुळ सुटली की झिंगे ती खायला आत शिरायचे. मग ही कमरेएवढ्या पाण्यात हलक्या पावलानं जायची, जुडीखाली सूप धरायची आणि झटकन वर काढून झाडायची. सुपात नुसत्या उड्या. एवढं झाल्यावर तिचं खरं काम सुरू. काठावर बसून एकेक झिंगा निवडायचा. ज्याच्या पोटाखाली अंड्यांचा घोस असेल तो परत पाण्यात. "पोटुशी हाय, जाऊ दे," म्हणायची आणि अलगद सोडायची, फेकायची नाही. झिंग्याची मादी अंडी टाकून मोकळी होत नाही. आठवडेच्या आठवडे पोटाखालच्या पायांत धरून त्यांना पाणी खेळवत राहते. मी एकदा घाईघाईत मूठभर तशीच टोपलीत टाकली तर तिनं हातावर फाडकन मारलं. "घरच्या पोटुशीला अशी ढकलशील का गं?"

तिला सगळं ठाऊक होतं. कुठले झिंगे कायम डोहातच राहतात, कुठल्यांची पिल्लं पावसात वाहून खाली खाडीकडे जातात आणि मोठी होऊन बंधाऱ्याच्या ओल्या भिंतीवरून चढत परत येतात. कात टाकलेला झिंगा दोन दिवस लोण्यासारखा मऊ असतो आणि दगडाखाली लपतो, हेही तिनं दाखवलं. "लय नाजूक जात, बाय. मासा घान पान्यातबी दम धरंल. ह्यो नाय धरायचा." मळ्या, शिंगाळी हे मासे, खंड्या, पाणसाप, सगळे यांच्यावर जगायचे. आणि यांच्यावर तीसुद्धा जगायची. मोठ्या कातळावर फडकं पसरून झिंगे वाळवायची, निम्मे खोपोलीच्या बाजारात, निम्मे गावात तांदळाच्या बदल्यात.

आता गावाचंही सांगून टाकते. तिच्या हातचे झिंगे आमच्या घरात चालायचे, वांग्यात घातले की सगळे भाकरीवर भाकरी हाणायचे. तिच्या हातचं पाणी मात्र चालायचं नाही. पाणी आणि झिंगे, दोन्ही एकाच डोहातले! मी आईला एकदा हे विचारलं तर आई म्हणाली, "लय अक्कल पाजळू नको." तेव्हा पाजळली नाही. नको तिथं पाजळली, ती पुढं.

सत्तरचं दशक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी डी.एड. करून गावच्याच शाळेत लागले आणि त्याच सुमाराला ओढ्याच्या वरच्या अंगाला एक कारखाना आला. कपड्याचे रंग करायचे म्हणे. नाव सांगत नाही. पाटी पुढं तीनदा बदलली, मालकही बदलले, ओढ्यात घाण सोडणारी मोरी तेवढी तीच राहिली. गावातल्या आठ-दहा पोरांना कामाला चिकटवून घेतलं आणि अख्ख्या गावाच्या तोंडाला बूच बसलं. सरपंचांनी तर उद्घाटनाला फेटा बांधला होता.

आठवडाभराची घाण ते टाकीत साठवायचे आणि सोडायचे रविवारी. का, तर रविवारी कचेऱ्या बंद, बघायला येतंय कोण? आणि नेमकं रविवारी वीजघराचं पाणी कमी. म्हणजे घाण विरायला नदीत पाणीच नाही. हे त्यांना माहीत नव्हतं म्हणावं तर ते याच नदीचं पाणी पंपानं उपसून घेत होते. माहीत होतं म्हणावं तर काय म्हणायचं अशा माणसांना? माझ्या तोंडात येतं ते मास्तरीणबाईला शोभणारं नाही.

थंडीचे दिवस होते. रविवारी सकाळी ती धापा टाकत आमच्या दारात आली. ती कधी दारात येऊन हाका मारायची नाही, त्या दिवशी मारली. "बाय, चल गं. बघ गं काय झालंय." मी तशीच चपला न घालता धावले. डोहाचं पाणी गढूळ जांभळट झालं होतं आणि झिंगे पाण्याबाहेर येत होते. जिवंत झिंगे, दगडांवर, मुळांवर, चिखलात, एकमेकांच्या अंगावर चढत. पाण्यातला जीव, आणि पाणी नको म्हणून कोरड्यावर येतोय! जे मुळांतच राहिले त्यांची काचेसारखी अंगं दुधासारखी पांढरी पडली होती. ती गुडघाभर त्या घाणीत उभी राहून पोटुशा वेचत होती आणि माझ्या ओंजळीत देत होती. "बादलीत टाक, इहिरीचं पानी आन." मी आणलं. दुपारपर्यंत बादलीतल्याही मेल्या. त्यांच्या पोटाखाली अंडी तशीच.

मासे मात्र मेले नाहीत. मासा पोहणारा. घाण येतेय म्हटल्यावर ते शेपट्या हलवत मोठ्या नदीत खाली निघून गेले आणि सोमवारी वीजघराचं पाणी आल्यावर डोहात परत आले. झिंगा असा पळत नाही. संकट आलं की तो मूळ घट्ट धरून बसतो, कारण आजवर त्याला मुळानंच वाचवलेलं असतं.

मी अर्ज लिहिला. माझं अक्षर मोत्यासारखं, त्याचा मला तोरा. "ओढ्याच्या दूषित पाण्यामुळे डोहातील झिंगे मोठ्या प्रमाणावर मेले आहेत व एका गरीब स्त्रीचे उपजीविकेचे साधन नष्ट होत आहे." तिनं खाली अंगठा उठवला. सरपंचांकडे नेला तर त्यांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "झिंग्यांसाठी अर्ज? उद्या बेडकांसाठी करशील. अगं, बाजारात सुकट मिळते, ती घे म्हणावं." बसलेले सगळे खो खो हसले. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! मी तणतणत बाहेर पडले आणि अर्ज पोस्टानं पाठवून दिला. तेव्हा आमचा जिल्हा अजून कुलाबाच होता, तिथल्या कचेरीत.

तिचं म्हणणं फार नव्हतं. पैसे नको होते, नोकरी नको होती. "निस्तं कागदावर लिवा म्हनावं, मेलं म्हनून. सरकारनं लिवलं की त्यांना मोरी बंद करावी लागंल. मोरी बंद झाली की दोन पावसांत डोह भरंल माजा." मोठ्या नदीतून, खाडीतून नवे झिंगे चढून येतील हा तिचा हिशेब, आणि तो अगदी बरोबर होता. तिला वाचता येत नव्हतं, आणि कागदावर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. मीही म्हटलं, मावशी, लिहून घेतेच बघ.

चार महिने कुणी फिरकलं नाही. दर रविवारी घाण येतच होती. तिच्या जुडीत पाच-सहा झिंगे यायचे, ते ती सगळेच सोडून द्यायची आणि दिवसभर दुसऱ्यांच्या शेताचे बांध घालायला जायची. आणि मग एका मंगळवारी जीप आली.

मंगळवार! म्हणजे वीजघराचं पाणी धो धो चालू, डोह कसा स्वच्छ, तळाचा दगड दिसतोय. कचेरीच्या साहेबांबरोबर कारखान्याचा मॅनेजर, मॅनेजरबरोबर सोड्याच्या बाटल्या, आणि मागं आमचे सरपंच. मी वर्गाला शुद्धलेखन घालून धावत आले. ती आधीच तिथं उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून. माझ्या आठवणीत तिला तेल लावलेलं मी तेव्हाच पाहिलं.

साहेब वाईट माणूस नव्हता हो, हाच तर संताप आहे. दांडगाई केली असती तर भांडता आलं असतं. हा अगदी गोड बोलणारा. बाटलीत पाणी भरून घेतलं, बूच लावलं, चिठ्ठी चिकटवली. मग जीपच्या नाकावर छापील नमुना ठेवून एकेक रकाना भरायला लागला. ओढ्याचं नाव, गावाचं नाव, पाण्याचा रंग, वास. मग त्यानं मान वर केली आणि तिला विचारलं, "काय बाई, या डोहात मासे मेले का?"

तिला बोलायला वेळ लागायचा. आधी ओठ मिटायची, जरा विचार करायची, मग बोलायची. तिनं ओठ मिटले.

आणि मी बोलले. त्याच आठवड्यात मी तो धडा शिकवला होता. डोक्यात सगळं ताजं होतं, कणा, पर, पाय, कवच. मॅनेजर सोडा पीत मजेत बघतोय, सरपंच गालात हसतोय, आता या सगळ्यांना दाखवते, असं मला झालं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. "साहेब, मासे नाही मेले. झिंगे मेले. झिंगा हा मासा नव्हे. तो कवचधारी वर्गातला प्राणी आहे."

साहेबांनी भुवया उंचावल्या. "वा! अगदी बरोबर. शिक्षिका का आपण?"

"हो," मी म्हटलं. कप्पाळ माझं! मला इतका आनंद झाला की काय सांगू. सरपंचांसमोर, मॅनेजरसमोर, एवढा शिकलेला माणूस मला 'आपण' म्हणाला. त्यानं नमुन्यात भराभर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, झिंग्यांचंच लिहितोय. मग त्यानं कागद फिरवून माझ्यापुढं केला, साक्षीदार म्हणून सही करा म्हणाला. पोरांना दर वर्षी बजावून सांगणारी मी, वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका रे, तीच मी न वाचता सही करून मोकळी झाले. वळणदार सही, खाली दोन टिंबं. तिचा अंगठा माझ्या सहीशेजारी. अंगठा पुसताना तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटलं, कौतुकानं बघतेय.

मोरी बंद झाली नाही. आम्ही वाट बघितली. मी दोन स्मरणपत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. त्या पावसात नवे झिंगे चढून आलेसुद्धा, थोडे आले, मुळांत बसले, आणि पाऊस ओसरल्यावर पहिल्याच रविवारी संपले. पुढच्या पावसात तेवढेही आले नाहीत. मुळं झाडणारं कुणी राहिलं नाही तशी त्यांच्यावर राखाडी साय धरली. पाला खायला कुणी नाही, तो तळाला साठून काळा लगदा झाला, बोट घातलं की सडकी दुर्गंधी. मळ्यांना खायला मिळेना, त्या गेल्या. मळ्या गेल्या तसा खंड्या गेला. आणखी दोन वर्षांनी डोहात खरोखरच मासे उताणे तरंगले. आता ते नमुन्यात बसले असते! पण आता विचारायला कुणी आलंच नाही.

ती त्याआधीच गाव सोडून गेली होती. मुलगी भिवपुरीकडच्या एका वाडीत दिली होती, तिच्याकडे. जाताना आमच्या घरी आली, सूप आईला देऊन गेली. मी शाळेत होते.

गाव जागं झालं ते म्हशींच्या कासेला फोड आल्यावर. रोपं पिवळी पडली, म्हशी आटल्या, तेव्हा सरपंचांना ओढा दिसला. कारखान्यानं तोवर दुसरी शेड बांधायला घेतली होती. सगळे मोर्चानं गेले, अर्ज लिहायला अर्थातच मला नेलं. मॅनेजर नवा होता, पण खण तोच. त्यातनं त्यानं एक कागद काढला आणि चष्मा लावून वाचला, "'डोहात मासे मेल्याचे आढळले नाही. तक्रारदारांतर्फे उपस्थित स्थानिक शिक्षिकेनेही तसे सांगितले.' ही सही तुमचीच ना, बाई?"

माझीच होती. सगळं गाव माझ्याकडे वळून बघायला लागलं. ज्यांनी बेडकांसाठी अर्ज कर म्हणून मला हसण्यावारी नेलं होतं तेच सरपंच म्हणाले, "वा गं शहाणे! आमची मानच कापून दिलीस की." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पण त्या वेळी मला त्यांच्याशी भांडायचं नव्हतं. मी मॅनेजरच्या टेबलावर हात आपटला. "माझं पुढचं वाक्य कुठाय? झिंगे मेले, असं मी सांगितलं होतं. ते कुठाय?"

त्यानं कागद उलटसुलट करून बघितला. खरोखर शोधलं त्यानं. मग म्हणाला, "बाई, नमुन्यात झिंग्यांचा रकाना नाही."

रकाना नाही! त्या मुळांत किती पिढ्या जगल्या असतील, कुणी मोजल्या? अख्खा डोह झाडून-पुसून ठेवणारी जात, माशांना पोसणारी, एका विधवेला आणि तिच्या पोरीला पोसणारी, सगळ्यांत आधी मरून दाखवणारी, की बाबांनो, पाणी बिघडलंय, सावध व्हा, आणि सरकारच्या कागदावर तिच्यासाठी दोन बोटांची जागा नाही. समासात लिहायचं होतं ना! मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचं होतं! साहेबाचा हात काय झडला असता? मी तिथं आरडाओरडा केला, रडले, बाहेर येऊन सरपंचांनाही नाही नाही ते बोलले. घरी आल्यावर आई म्हणाली, "आता गप बस." मी काही गप बसले नाही. अजूनही बसलेली नाही.

तिला जाऊन हे सांगायला मात्र मला सात-आठ वर्षं लागली. वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगत होते. एकदा कर्जतला शिक्षकांचं शिबिर होतं. दुपारी सुटल्यावर मी भिवपुरीला उतरले आणि विचारत विचारत गेले. मुंबईच्या कुणा माणसाच्या बंगल्याच्या कुंपणाच्या कामावर ती दगड वाहत होती. केस पांढरे झालेले. मला लांबूनच ओळखलं. "बाय! कदी आलीस गं?" मुकादमाला सांगून ती सावलीला येऊन बसली, भाकरीतली निम्मी माझ्या हातावर ठेवली.

मी सगळं सांगितलं. कागद, सही, रकाना, मॅनेजर, सरपंच. एकेकाचा उद्धार केला. साहेबाला तर मी इतकं बोलले की शेजारच्या दोघी बाया चघळायच्या थांबल्या. ती ऐकत होती, मध्ये हं म्हणत होती. शेवटी मला धाप लागली. मी म्हटलं, "मावशी, मी खोटं नाही गं बोलले. झिंगा हा मासा नाहीच."

"नाय ना," ती म्हणाली. "मला ठावं हाय. पन तो सायेब शेरातला. त्याच्या तोंडी पान्यातलं समदं मासंच. मी खोपोलीच्या बाजारात बसत व्हते, अशी मानसं रोज यायची. झिंग्यांची टोपली बघून इचारायची, मासं कसं दिलं? मी कदी बोलले नाय, हे मासं नाय म्हनून. बोलले असते तर टोपली तशीच घरी आली असती."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. "मग तू त्याला काय सांगणार होतीस?"

"मेलं म्हननार व्हते. समदं मेलं, लिव." तिनं लुगड्याला हात पुसले आणि चुंबळ डोक्यावर ठेवून उठली. आवाज काही चढवला नाही, लहानपणी हातावर मारलं होतं तेवढाही राग त्यात नव्हता. "सायबानं मला इचारलं व्हतं, बाय. तुला नव्हतं इचारलं."